हाडे आणि सांध्यांची आयुष्यभराची निगा

शरीराचा सांगाडा भक्कम राहावा आणि सांधे विनासायास हलावेत यासाठी बालपणापासून अखेरपर्यंत घ्यावयाची काळजी. तिची आठवण बहुधा गुडघा दुखू लागला किंवा मनगट मोडले की होते. तोवर हाड म्हणजे आत कुठेतरी असलेला निर्जीव टेकू, अशीच समजूत असते. प्रत्यक्षात हाड ही रोज थोडी मोडली जाणारी आणि रोज थोडी बांधली जाणारी जिवंत ऊती आहे. तिची निगा कशी राखायची हे त्यावरूनच ठरते.

हाडात कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे असते आणि त्यात कॅल्शियम व फॉस्फेटचे स्फटिक बसलेले असतात. स्फटिकांमुळे हाड दाब सोसते, तर तंतूंमुळे ते किंचित लवते आणि लगेच तडकत नाही. अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवून बारीक खळगे पाडतात आणि अस्थिजनक पेशी त्यांत नवे हाड भरतात. खळगा पडायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. अशा रीतीने प्रौढ माणसाचा दरवर्षी सुमारे १० टक्के सांगाडा नवा होतो. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल चालते. म्हणून रक्तातली पातळी जरा घसरली की गळ्यातील परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींचे संप्रेरक हाडातले कॅल्शियम काढून रक्तात आणते. शरीर आधी रक्ताला जपते, हाडाला नंतर. रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम ‘नॉर्मल’ आले म्हणजे हाडे चांगली, असा निष्कर्ष अनेक जण काढतात, पण तो चुकीचा आहे.

विशीपर्यंत बांधणी मोडणीच्या पुढे असते. आयुष्यातले सर्वाधिक अस्थिवस्तुमान साधारण पंचवीस-तिशीच्या सुमारास गाठले जाते आणि त्यातले सुमारे ९० टक्के अठरा-वीस वर्षांपर्यंतच जमा झालेले असते. ते किती असेल हे ६० ते ८० टक्के आनुवंशिकतेवर ठरते. उरलेला वाटा आहार, खेळ आणि आजारपणांचा. उतारवयातल्या ठिसूळपणाची चर्चा साठीत सुरू होते, पण तिचा अर्धा भाग शाळेच्या वयातच घडून गेलेला असतो, हे पालकांना कोणी सांगत नाही. त्या वयात उड्या, धावणे, चढणे, लोंबकळणे ही हाडांची खरी कमाई असते. बारीक दिसण्यासाठी किंवा स्पर्धेतील वजनासाठी जेवण तोडणाऱ्या मुलींची पाळी बंद पडली, तर ती हाडांसाठीही धोक्याची खूण समजावी. त्या काळात हुकलेली भर पुढे पूर्ण निघेलच असे नाही.

हाडांचा विषय निघाला की बोलणे कॅल्शियमवर येऊन थांबते. पण कॅल्शियम हा माल झाला. तो कुठे आणि किती लावायचा हे हाडावर पडणारा भार ठरवतो. हाड ज्या दिशेने ताण सोसते त्या दिशेने ते स्वतःची रचना बदलते, हे तत्त्व जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. दोन्ही हातांना रक्त तेच, अन्न तेच, फरक फक्त भाराचा. याची उलट बाजू अंतराळवीरांत दिसते. वजनरहित अवस्थेत पुरेसा व्यायाम नसेल तर खुब्याच्या हाडातील खनिज महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्का घटते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हाडेही याच कारणाने विरळ होतात.

हाडाच्या आत रुतून बसलेल्या अस्थिपेशींना हा भार जाणवतो आणि मोडणी-बांधणीचा इशारा त्याच देतात. स्थिर, एकसुरी भाराला त्या फारशी दाद देत नाहीत, पण झटक्याने पडणाऱ्या, दिशा बदलणाऱ्या भाराला देतात. शिवाय तोच भार सलग पडत राहिला की त्या लवकर बधिर होतात आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा जाग्या होतात. म्हणून दिवसातून दोनदा मारलेल्या थोड्या उड्या हाडाला एका लांबलचक सत्रापेक्षा जास्त देऊन जातात. पोहणे आणि सायकल चालवणे हृदयाला व स्नायूंना उत्तम, दुखऱ्या गुडघ्यालाही सोयीचे, पण हाडाला त्यांतून फारच कमी मिळते. चालणे चांगलेच आहे, मात्र हाडांसाठी एवढेच पुरे, असे म्हणता येत नाही. वजने उचलण्याचा व्यायाम वयस्करांनी टाळावा ही जुनी धारणाही आता टिकत नाही. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ झालेल्या स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत देखरेखीखाली जड वजने आणि उड्यांचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास करून घेण्यात आला. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती घटली. ‘देखरेखीखाली’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ठिसूळ मणके असताना पाठ वाकवून ओझे उचलले तर मणका दबून मोडू शकतो.

प्रौढांना दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. वाढत्या वयातील मुलांना १,३०० आणि पन्नाशीनंतर स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅमची शिफारस अनेक ठिकाणी केली जाते. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतल्यास शोषणाचे प्रमाण उतरते, म्हणून ते दिवसभरात विभागून मिळालेले बरे. पालकात कॅल्शियम भरपूर असले तरी त्यातील ऑक्झॅलेट ते बांधून ठेवते आणि जेमतेम ५ टक्के अंगी लागते. दुधातले मात्र सुमारे ३० टक्के शोषले जाते. प्रथिने हाडाला मारक असतात हा समज सोडून द्यावा, कारण कोलॅजनचे जाळे प्रथिनांचेच असते. आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. ते त्वचेत सूर्याच्या अतिनील-ब किरणांनी तयार होते. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे काचेआडचे ऊन या कामी येत नाही. कमतरता असेल तर ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या अवश्य घ्याव्यात. पण अमेरिकेत २५ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीच्या २०२२ मधील निष्कर्षांनुसार, सर्वसाधारणपणे निरोगी प्रौढांत त्या गोळ्यांनी अस्थिभंग कमी झाले नाहीत. धूम्रपान, अति मद्यपान आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे हाड पोखरतात.

सांध्याचे गणित थोडे वेगळे आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. त्यामुळे झीज सुरू झाली तरी कूर्चा स्वतः दुखत नाही आणि झालेले नुकसान ती नीट भरूनही काढू शकत नाही. कूर्चा एकदा नष्ट झाली की पूर्ववत होत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवले होते. तिला अन्न मिळते ते सांध्यातील द्रवातून. पाऊल टेकले की कूर्चा स्पंजासारखी दबून द्रव सोडते आणि उचलले की शोषून घेते. ‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे म्हणून माणूस चालणे बंद करतो तेव्हा तो नेमके कूर्चेचे अन्नच तोडत असतो. दुखणाऱ्या गुडघ्याला पूर्ण विश्रांती नको असते, तर झेपेल एवढी हालचाल आणि मांडीचे बळकट स्नायू हवे असतात. हौशी धावपटूंचे गुडघे व खुबे बैठ्या लोकांपेक्षा जास्त झिजतात असे अभ्यासांत आढळलेले नाही, उलट त्यांच्यात झिजेचा संधिवात कमीच दिसतो.

सांध्यांना खरोखर घातक दोन गोष्टी: जादा वजन आणि दुर्लक्षित दुखापत. शरीराचे एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. गुडघ्यातील अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा, लिगामेंट) तुटलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दहा-वीस वर्षांत संधिवाताची लक्षणे दिसतात, म्हणून खेळाडूंनी उडीवरून नीट उतरण्याचा सराव करणे हा सांध्यासाठीचा दूरचा विमा ठरतो. बोटे मोडल्याने मात्र संधिवात होत नाही. तो आवाज सांध्याच्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या पोकळीशी निगडित असतो. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचा खप मोठा असला तरी २००६ मधील मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांत त्या औषध नसलेल्या दिखाऊ गोळीहून सरस ठरल्या नाहीत. सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकत असेल आणि बोटांचे सांधे सुजत असतील तर ती झीज नसून आमवात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटण्याचा आजार, असू शकतो. त्याचे उपचार वेगळे असतात आणि ते लवकर सुरू व्हावे लागतात. एकच सांधा अचानक सुजून लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडाचा पाचव्या हिश्शापर्यंत ऱ्हास होऊ शकतो. पुरुषांत तो सावकाश होतो, पण होतो. अस्थिविरळता, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, दुखत नाही. मणके दबून मोडतात तेही बहुतेकदा कळत नाही, नुसते पोक येते आणि उंची घटते. तरुणपणापेक्षा चार सेंटीमीटरहून जास्त उंची कमी झाली असेल तर पाठीची क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणांच्या सरासरीशी हाडाची तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असला की अस्थिविरळता मानावी, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवला. खुब्याचे हाड मात्र बहुतेक वेळा पडल्यामुळेच मोडते. त्यामुळे एका पायावर उभे राहण्यासारखा तोलाचा सराव, वेळेवर बदललेला चष्मा, रात्री वाटेत उजेड आणि झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार यांचे मोल औषधाइतकेच आहे.

पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडले की प्लास्टर घातले जाते, ते निघते आणि विषय तिथेच संपतो. घनतेची तपासणी खरे तर तेव्हाच व्हायला हवी, कारण असे एक हाड मोडलेल्या माणसाला पुढच्या अस्थिभंगाचा धोका जवळपास दुप्पट असतो आणि तो कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत. बिस्फॉस्फोनेटच्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी, भरपूर पाण्यासोबत घेऊन अर्धा तास आडवे होऊ नये. डेनोसुमॅबचे सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन तर स्वतःच्या मनाने मुळीच थांबवू नये, कारण ते सुटले की हाडांची मोडणी उसळते आणि एकामागून एक मणके मोडू शकतात.