पार्श्वभूमी: बोत्स्वानातल्या मोबाइल सफारीचा तंबू महाग कसा झाला

बोत्स्वानाच्या राष्ट्रीय उद्यानांच्या फाटकावर बरीच वर्षं एकच दरपत्रक चालू होतं. परदेशी माणूस स्वतःच्या गाडीने आला तर दिवसाला 120 पुला आणि तिथल्या परवानाधारक सफारीवाल्याबरोबर आला तर 70 पुला. (पुला हे त्या देशाचं चलन. शब्दाचा अर्थ पाऊस. निम्म्याहून जास्त देश कालाहारी वाळवंटाने व्यापलेला असल्यावर पैशाला दुसरं नाव तरी काय देणार!) वाट तीच, सिंह तेच, धूळही तीच, मग माणशी पन्नास पुलांचा हा फरक कशासाठी? तंबू घेऊन जंगल फिरण्याच्या स्वस्त प्रकाराचं तिथे पुढे जे झालं, त्याचा माग काढायचा तर या फरकापासूनच सुरुवात करावी लागते, आणि त्यासाठी 1989 पर्यंत मागे जावं लागतं.

त्याआधी शब्दांचा गुंता. ‘मोबाइल सफारी’ म्हटलं की आपल्याकडे आधी फोन आठवतो. तिकडे त्याचा अर्थ फिरता मुक्काम: आज या जंगलात तंबू, दोन रात्रींनी सगळं गुंडाळून पुढच्या जंगलात. ‘सफारी’ तर आपल्या ‘सफर’चंच भावंड. दोन्ही शब्द अरबीतून आलेले, आणि स्वाहिलीत सफारी म्हणजे कुठलाही प्रवास, मग तो भाचीच्या लग्नासाठी बसने केलेला का असेना. प्राणी त्यात नंतर आले.

खरी गफलत ‘मोबाइल’मध्ये आहे. या एका शब्दाखाली निदान तीन वेगवेगळे धंदे चालतात. पहिला ‘पार्टिसिपेशन’ प्रकारातला, म्हणजे तंबू आपला आपण ठोकायचा, कांदा चिरायला बसायचं, भांडी विसळायची आणि त्या बदल्यात पैसे कमी द्यायचे. दुसरा ‘सर्व्हिस्ड’: सफारीवाल्याची माणसं सामानाची गाडी घेऊन पुढे जातात आणि आपण संध्याकाळी पोचतो तेव्हा तंबू उभा, खाट घातलेली, झाडाला बादलीचा शॉवर टांगलेला. तिसरा प्रकार मुख्यतः टांझानियात, सेरेंगेटीत दिसतो. विल्डबीस्ट या गवताळ रानातल्या प्राण्यांच्या कळपांमागे वर्षातून दोन-तीनदा जागा बदलणारी, गालिचे अंथरलेली छावणी. तिलाही ‘मोबाइल कॅम्प’च म्हणतात आणि तिथली एक रात्र पहिल्या प्रकारातल्या आठवड्याला भारी पडू शकते. टांझानियात आणखी एक गंमत आहे. तिथल्या उद्यानांतल्या ‘पब्लिक’ कॅम्पसाइटवर संडास असतो, स्वयंपाकाची शेड असते. ‘स्पेशल’ कॅम्पसाइटवर यातलं काहीच नसतं आणि दर मात्र जास्त असतो, कारण तिथे शेजारी कोणी नसतं. त्यामुळे दोन देशांच्या सफारींचे दर शेजारी शेजारी मांडून कोणी काही सिद्ध करायला निघालं, तर आधी विचारावं की बाबा, यातला कुठला मोबाइल?

जुना इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण हमालांच्या डोक्यावरून तंबू नेणाऱ्या शिकाऱ्यांच्या कहाण्या सगळीकडे वाचायला मिळतात. आजच्या फिरत्या सफारीचा साचा त्या शिकारी सफारीतूनच आला आहे: कॅनव्हास, शेकोटीवरचा कुक, बादलीचा शॉवर, गाइडच्या शब्दाला शेवटचा मान. 1977 मध्ये केनियाने शिकारीवर सरसकट बंदी घातली, तेव्हा तिथल्या काही व्यावसायिक शिकाऱ्यांनी बंदूक ठेवून कॅमेरेवाल्यांना फिरवायला सुरुवात केली आणि काहींनी बिऱ्हाड दक्षिणेला, बोत्स्वानाकडे हलवलं. त्याच सुमारास लष्करातून निघालेल्या जुन्या ट्रकांत बाकडी टाकून युरोपातून आफ्रिका पालथी घालणारी तरुण मंडळीही येऊ लागली होती. ‘बजेट’ हा शब्द या धंद्याला चिकटला तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

बोत्स्वानात तोवर जंगलं राखीव झालेली होती. ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशातलं (डेल्टातलं) मोरेमी 1963 मध्ये तिथल्या बातावाना जमातीने स्वतःच्या जमिनीवर राखून ठेवलं. हे वसाहती सरकारचं काम नव्हतं आणि बोत्स्वानाचे लोक ते अभिमानाने सांगतात. त्या राखीव हद्दीत राहणाऱ्या बुशमन कुटुंबांना मात्र खवाई नदीपलीकडे उठून जावं लागलं, हे तितक्या अभिमानाने सांगितलं जात नाही. नदीपलीकडच्या त्यांच्या गावाकडे शेवटी परत येऊ. चोबे साठच्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय उद्यान झालं. आत मुक्कामाला म्हणजे काय, तर झाडाखालची एक जागा, एखादा नळ आणि संडास. कुंपण नाही. रात्री हत्ती तंबूंच्या दोऱ्यांमधून पाय न अडकवता निघून जातो, यावर प्रत्यक्ष पाहीपर्यंत विश्वास बसत नाही.

आता 1989. ऐंशीच्या दशकात या झाडाखालच्या जागांवर गर्दी व्हायची ती मुख्यतः दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वेतून येणाऱ्या कुटुंबांची. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडी, मागे ट्रेलर, त्यात तंबू, मांस, बीअर, डिझेलचे कॅन, पाण्याच्या टाक्या. दोन आठवडे राहायचं आणि घरून आणलेलं संपलं की परतायचं. सरकारच्या दृष्टीने हे पाहुणे डबा घेऊन आलेले. देशात त्यांचा खर्च नाममात्र, आणि वाटांची नासधूस, कचरा, सरपणासाठी तोडलेली झाडं एवढंच मागे राहणार. त्या वर्षी परदेशी लोकांसाठी उद्यानांचं शुल्क एका झटक्यात कित्येक पटींनी वाढवण्यात आलं. पुढच्या वर्षी, 1990 मध्ये, पर्यटन धोरण जाहीर झालं. ‘हाय कॉस्ट, लो व्हॉल्यूम’ हे त्याचं सूत्र: माणसं थोडी यावीत, पैसा जास्त यावा. धोरणाने हेही आडवळण न घेता सांगितलं की सार्वजनिक जागेत तंबू टाकणाऱ्या फिरस्त्यांपेक्षा पक्क्या निवासात उतरणारा पाहुणा देशाला हवा आहे.

या निर्णयाचं कौतुक भरपूर झालं आहे आणि ते अगदीच फुकटचं नाही. ओकावांगोच्या आतल्या भागात आजही तासन् तास दुसरी गाडी दिसत नाही. देशात सुमारे 1 लाख 30 हजार हत्ती आहेत. हे धोरण परवडायचं कारणही होतं. 1967 मध्ये ओरापाला हिरे सापडले, 1971 मध्ये खाण सुरू झाली, आणि तिजोरी हिऱ्यांवर भरत असल्यामुळे पर्यटकांची डोकी मोजत बसायची गरज सरकारला नव्हती. 

पण त्या धोरणाने ‘कॅम्पर’ या एका शब्दात दोन वेगळी माणसं कोंबली. डबा घेऊन येणारा शेजारदेशीचा कुटुंबप्रमुख आणि माउनच्या (डेल्टाच्या कडेचं, सफारी जिथून निघतात ते गाव) सफारीवाल्याकडे पैसे भरून तंबूत झोपणारा परदेशी पाहुणा, दोघं एकाच जागेवर झोपत होते, म्हणून दोघंही कमी किमतीचे ठरले. दुसऱ्या माणसाचा पैसा मात्र माउनमध्येच खर्च होत होता. गाइड तिथला, कुक तिथला, पाव, भाजीपाला, डिझेल तिथलंच. याउलट डेल्टातल्या लॉजवर पाहुणा लहान विमानाने उतरतो, बुकिंग आणि पैशांचे व्यवहार बरेचदा देशाबाहेर होतात, आणि लॉजमध्ये भांडवल बहुतांशी परदेशी असतं. पर्यटनाचा पैसा देशात पुरेसा टिकत नाही ही तक्रार नंतरच्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा मांडली आहे. मला विचाराल तर किंमत मोजायची तर ती कोणाच्या खिशात जाते हेही मोजायला हवं होतं. 120 आणि 70 पुलांचा तो फरक म्हणजे ही चूक थोडीफार उशिरा लक्षात आल्याची खूण: एकट्या कॅम्परला दंड, सफारीवाल्याच्या पाहुण्याला सवलत.

पुढे सूत्रातला शब्दही बदलला. ‘हाय कॉस्ट’च्या जागी ‘हाय व्हॅल्यू’ म्हणण्याची पद्धत पडली. मराठीत दोन्हीला ‘मूल्य’ म्हणून मोकळं होता येतं, पण इंग्रजीत तो फरक दाखवूनच धोरण मवाळ झाल्याचं सांगितलं गेलं. फाटकावरच्या दराला या बदलाचा पत्ताही लागला नाही.

मग 1996 चे नियम आले आणि त्यांची दिशा जवळजवळ उलटी होती. मोबाइल सफारी, मोकोरो (लांबट, काठीने ढकलायची होडी), कॅम्पिंगच्या जागा असे काही व्यवसाय बोत्स्वानाच्या नागरिकांसाठी राखून ठेवण्यात आले. कारण साधं होतं. लॉज उभारायला कोट्यवधी लागतात. फिरत्या सफारीला जुनी लॅन्ड क्रूझर, ट्रेलर, आठ तंबू, शीतपेटी आणि जंगल ओळखणारा माणूस एवढं पुरतं. वीस वर्षं दुसऱ्याची गाडी हाकणाऱ्या गाइडला स्वतःचा धंदा काढायचा असेल तर हाच दरवाजा उघडा होता. म्हणजे एका धोरणाने ज्या मुक्कामाला नाक मुरडलं, तोच मुक्काम दुसऱ्या नियमाने स्थानिकांच्या हातात दिला. उद्यानांमध्ये सफारीवाल्यांसाठी वेगळ्या राखीव जागाही होत्या, त्यांच्या संघटनेच्या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या. त्या अजून आहेत, आणि हंगामात त्यांच्या तारखांसाठी होणारी ओढाताणही.

अशा मुक्कामाचा दिवस कसा असतो ते मोरेमीतल्या थर्ड ब्रिजवर बघावं. मोपाने लाकडाचे ओंडके ओळीने बांधून केलेला पूल, खाली संथ पाणी, शेजारी कॅम्पसाइट. पहाटे पाचला गाइड तंबूच्या कापडावर टिचकी मारतो. शेकोटीवर कळकट किटली. चहा घशाखाली जाईतो उजाडतं आणि पुलावरून रात्री कोण गेलं हे गाइड वाळूतल्या ठशांवरून सांगतो: सिंह बऱ्याचदा हाच पूल वापरतात, त्यांनाही पाय ओले करायची हौस नसते. परत येईपर्यंत बबून माकडांनी ट्रेलरचं कुलूप चाचपलेलं असतं. पाव उघडा राहिला असेल तर गेला. दुपारी सावलीत भांडी, संध्याकाळी पुन्हा फेरी, आणि सूर्य मावळायच्या आत मुक्कामावर, कारण उद्यानात रात्री गाडी फिरवायला आणि वाट सोडून जायला बंदी आहे. ही बंदी पुढे महत्त्वाची ठरते.

2000 च्या दशकाच्या अखेरीस चोबे आणि मोरेमीतल्या बहुतेक सार्वजनिक कॅम्पसाइट खाजगी कंपन्यांकडे चालवायला दिल्या गेल्या. थर्ड ब्रिज, झाकानाका, सावुती, इहाहा, सगळ्यांची हीच गत. संडास सुधारले, गरम पाणी आलं, हे खरं. सरकारी असताना परदेशी माणसाला रात्रीला 30 पुला पडत. नंतर काही ठिकाणी माणशी 50 डॉलर झाले. 2022 ची दरवाढ होईपर्यंत चौघांचं कुटुंब स्वतःच्या गाडीने गेलं तर अशा ठिकाणी एका दिवसाचे 480 पुला फाटकावर आणि 200 डॉलर झोपायचे लागत, तेही जमीन त्यांची आणि तंबू आपला. आधी आरक्षण केल्याचा कागद नसेल तर मुक्कामाला आत सोडत नाहीत, आणि ते कागद हंगामात वर्षभर आधी संपतात. 1989 ला जो कॅम्पर नको होता तो अशाने बराचसा कमी झाला. पण चोबेच्या नदीकाठची, कासाने गावाजवळची गर्दी कमी झाली नाही, कारण ती लॉजवाल्यांची आणि व्हिक्टोरिया धबधब्याहून दिवसभरासाठी येणाऱ्यांची होती. ती तंबूवाल्यांची कधी नव्हतीच.

आपल्याकडचे ग्रुप अजून बहुतेक मसाई माराला जातात, तेही लॉजमध्ये, रात्री आमटी-भाताची सोय असेल तिथे. बोत्स्वानात तंबूत झोपायला जाणारे मराठी लोक भेटतात ते बहुधा फोटोग्राफीवाले. त्यांच्यासाठी उद्यानातल्या रात्रीच्या फेरीवरच्या बंदीची गोष्ट कामाची आहे. खवाई नदीपलीकडे हलवलेल्या त्या गावाने पुढे स्वतःचा ट्रस्ट केला आणि गावच्या वाट्याच्या रानात स्वतःच्या कॅम्पसाइट उघडल्या. ती जमीन उद्यानाची नाही, म्हणून तिथे रात्रीची फेरी चालते, बिबट्यामागे वाट सोडूनही जाता येतं, आणि उद्यानाचं रोजचं शुल्क पडत नाही. 2014 मध्ये देशाने शिकार बंद केली, तेव्हा शिकारीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या काही गावांनाही तंबूवाल्यांकडे वळावं लागलं. 2019 मध्ये शिकारबंदी उठली, पण कॅम्पसाइट राहिल्या. मध्ये कोविडची दोन वर्षं गेली. पाहुणे नाहीत म्हणून माउनमधल्या कित्येक लॅन्ड क्रूझर अंगणात उभ्या राहिल्या आणि कर्जाचे हप्ते थांबले नाहीत. 2022 मध्ये उद्यानांचे दर पुन्हा वाढले. आता माउनच्या स्वस्तातल्या सफारीवाल्याच्या कार्यक्रमाचा कागद हातात घेतला तर मोरेमीत एखाद-दोन रात्री, आणि बाकीचे मुक्काम नदीपलीकडे, खवाईच्या लोकांच्या रानात.