रिकॉल झालेला पेसमेकर बदलायचा तर पैसे कोणी भरायचे : इंदूरच्या रुग्णांसाठी अर्जप्रक्रिया आणि कागदपत्रे

छातीत बसवलेला पेसमेकर किंवा आयसीडी (धोकादायक ठोके विजेच्या झटक्याने सावरणारे उपकरण) कंपनीने परत मागवला, म्हणजे रिकॉल केला, असल्याचे कळले की जीव घाबरा होतो, आणि ती धास्ती थोडी ओसरली की लगेच खर्चाचा प्रश्न पुढे येतो. नवे उपकरण बहुतेक वेळा कंपनीकडून मिळू शकते, पण शस्त्रक्रिया, खोली, तपासण्या आणि डॉक्टरांची फी हा भाग आपोआप कोणाच्याही माथी जात नाही. वैद्यकीय उपकरण नियम, 2017 हे 1 जानेवारी 2018 पासून लागू आहेत. त्यांतील नियम 89 नुसार धोकादायक वाटणारे उपकरण बाजारातून आणि रुग्णांकडून मागे घेण्याची कार्यवाही सुरू करणे व सक्षम अधिकाऱ्याला त्याची कारणे कळवणे उत्पादकावर किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीवर बंधनकारक आहे. बदलण्याच्या शस्त्रक्रियेचे बिल कोणी भरायचे याबद्दल मात्र हा नियम काहीच सांगत नाही, आणि म्हणूनच पुढची सगळी लिखापढी रुग्णाला स्वतः करावी लागते.

रिकॉल म्हणजे उपकरण काढावेच लागेल असे नाही. 2017 साली अमेरिकेत अ‍ॅबट कंपनीचे सुमारे 4 लाख 65 हजार पेसमेकर रिकॉलखाली आले होते, पण त्यांवर उपाय म्हणून फक्त सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यात आले. त्यामुळे आधी उपकरणाची तपासणी करून घ्यावी आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांकडून लेखी शिफारस घ्यावी. या शिफारशीतले एक वाक्य पुढे फार मोलाचे ठरते. ‘बॅटरी संपत आल्याने बदल आवश्यक’ असे लिहिले गेले तर कंपनी तो नेहमीचा बदल समजेल. कारण खरोखरच रिकॉलचे असेल तर डॉक्टरांनी रिकॉलच्या पत्राची तारीख, मॉडेल आणि सीरियल नंबर यांच्यासह ते स्पष्ट नोंदवायला हवे.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेसमेकर बसवताना दिलेले ओळखपत्र. त्यावर उपकरणाचा आणि वायरींचा नंबर वेगवेगळा असतो, आणि रिकॉल कधी फक्त बॅटरीच्या डबीचा, तर कधी फक्त वायरीचा असतो. ओळखपत्र हरवले असेल तर मूळ बिलावर किंवा रुग्णालयाच्या फाइलमध्ये चिकटवलेले स्टिकर शोधावे. त्याखेरीज डिस्चार्ज समरी, मूळ बिल, पैसे भरल्याची पावती आणि रिकॉलचे पत्र यांच्या प्रती लागतात. रुग्णालयाकडे लेखी मागणी केल्यावर 72 तासांत नोंदी मिळायला हव्यात, परंतु आंतररुग्णाच्या नोंदी तीनच वर्षे जपून ठेवण्याचे बंधन आहे. सात-आठ वर्षांपूर्वी बसवलेल्या पेसमेकरची फाइल सापडेलच या भरवशावर राहू नये. आपल्या मराठी घरांत आणखी एक घोळ हमखास होतो : रुग्णालयाच्या कागदावर ‘काळे’ आणि समग्र आयडीवर (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकावर) ‘काले’. इंग्रजी स्पेलिंग तरी सगळीकडे एकच आहे का, ते अर्ज करण्याआधी पाहून घ्यावे.

पहिला अर्ज कंपनीच्या भारतातील प्रतिनिधीकडे किंवा आयातदाराकडे करावा, आणि त्याची प्रत रुग्णालयालाही द्यावी. केवळ ‘मदत करावी’ असे मोघम लिहू नये. नवे उपकरण विनामूल्य मिळणार का, वायरी बदलाव्या लागल्यास त्याही मिळणार का, आणि विम्याने न दिलेला रुग्णालयाचा खर्च कंपनी किती मर्यादेपर्यंत देणार, असे तीन प्रश्न सुटे विचारून लेखी उत्तर मागावे. वॉरंटीच्या अटी मॉडेलनुसार बदलतात. काढलेले उपकरण तपासणीसाठी कंपनीकडे परत पाठवणे ही त्यांतली नेहमीची अट असते. म्हणून ते पाठवण्याआधी नंबर दिसेल असा फोटो काढावा, पोच घ्यावी आणि तपासणी अहवालाची प्रत मागावी, कारण पुढे तक्रार करायची वेळ आली तर पुराव्याची वस्तू तीच असते. ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ अशा मजकुरावर घाईत सही करू नये.

कंपनीने उपकरण फुकट दिले तर अंतिम बिलात त्या ओळीत शून्य रक्कम दिसली पाहिजे. सदोष उपकरणाचा खर्च शेवटी रुग्णाच्याच माथी येईल ही शंका अनाठायी नाही. सात सदोष हृदयउपकरणांमुळे मेडिकेअर या सरकारी योजनेवर सुमारे दीड अब्ज डॉलरचा, तर रुग्णांच्या स्वतःच्या खिशावर सुमारे 14 कोटी डॉलरचा भार पडला, असा अंदाज अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी 2017 मध्ये मांडला होता.

उरलेल्या खर्चासाठी विमा असेल तर कॅशलेसच्या अर्जासोबत डॉक्टरांची शिफारस आणि कंपनीचे उत्तर जोडावे. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारासाठीची प्रतीक्षा मुदत आता 3 वर्षांहून जास्त ठेवता येत नाही. दावा नाकारला गेल्यास प्रथम विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि 30 दिवसांत समाधान झाले नाही तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे जावे. तेथे शुल्क नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि मुदत एक वर्षाची असते.

आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि पेसमेकर बसवण्याचे पॅकेज तिच्यात आहे. ऑक्टोबर 2024 पासून वयाची सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आधारवर वय वंदना कार्ड काढता येते. आपल्या निवृत्त मंडळींपैकी अनेकांना ‘आपण त्यात बसत नाही’ असे अजूनही वाटते, ते चुकीचे आहे. मात्र सीजीएचएससारखी (केंद्र सरकारी कर्मचारी व निवृत्तांची आरोग्य योजना) सरकारी योजना असलेल्यांना दोन्हींपैकी एकच निवडावी लागते. कार्ड शस्त्रक्रियेआधी काढून ठेवावे आणि रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का, हे 14555 वर विचारून घ्यावे. कर्मचारी राज्य विमा असलेल्यांनी नंदानगरच्या रुग्णालयातून रेफरल घ्यावे.

उपकरणामुळे त्रास झाला असेल तर गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे, मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासावर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाच्या अर्जावर, त्याची नोंद करावी. हेल्पलाइन 1800-180-3024 आहे. या नोंदीने पैसे मिळत नाहीत, पण तारखेसह अधिकृत कागद तयार होतो.

कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीच्या, तरतुदींखाली इंदूरच्या जिल्हा आयोगात, म्हणजे तिथल्या पाटीवरच्या ‘उपभोक्ता आयोगा’त, तक्रार करता येते. तक्रारदार जिथे राहतो तिथेच ती दाखल होते, कंपनी मुंबईची असो वा परदेशी. परदेशी उत्पादकाला भारतीय कायदा लागू होत नसेल तर कलम 86 नुसार विक्रेत्याला जबाबदार धरता येते, आणि विक्रेत्याच्या व्याख्येत आयातदारही येतो. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. सर्वांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध सेवेतील त्रुटीची तक्रार मात्र या आयोगात चालत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण ती कोणत्या दिवसापासून मोजायची यावर समोरचा वकील हटकून वाद घालतो. म्हणून रिकॉलचे पत्र ज्या पाकिटातून आले ते पोस्टाच्या शिक्क्यासह जपून ठेवावे आणि पत्र ई-मेलने आले असेल तर तारखेसह त्याची छापील प्रत त्याच फाइलला लावावी.