पार्श्वभूमी: वस्तीतला बाजाररस्ता आणि 'मॉल' या शब्दाचा घोळ

वस्तीतला बाजाररस्ता म्हणजे खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, हे चित्र सगळ्यांना माहितीये, त्यामुळे ते सांगत बसत नाही. ते तसं का झालं याचं निम्मं उत्तर ट्राममध्ये आहे. १८८८ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडमध्ये विजेची ट्राम मोठ्या प्रमाणावर धावायला लागली, मग शहरोशहरी रूळ पडले आणि संध्याकाळी ट्राममधून उतरलेला माणूस ज्या वाटेनं घरी चालत जायचा त्या वाटेवरच दुकानं लागली. गाळे अरुंद आणि खोल, कारण रस्त्याकडे तोंड प्रत्येकालाच हवं. कोपऱ्यावरच्या गाळ्याला मान जास्त, त्याला दोन्ही बाजूंनी शोकेस.

मग मोटार आली. १९२३ मध्ये कॅन्सस सिटीत गाडीतून येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी म्हणून आखलेली पेठ सुरू झाली, १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं झोनिंग कायदेशीर ठरवलं, म्हणजे राहायची जागा वेगळी आणि विकायची वेगळी असं नकाशावरच पाडून द्यायची मुभा मिळाली. माझ्या मते खरा घाव हाच, पण त्याबद्दल फार कोणी बोलत नाही, बोलतात ते सगळे मॉलनं पेठेचं गिऱ्हाईक पळवलं याबद्दल.

आणि मॉल म्हणजे काय यातच मोठी गडबड आहे. आज मॉल म्हटलं की एसी आणि सरकते जिने डोळ्यासमोर येतात. पण मूळ शब्द लाकडी हातोड्यानं चेंडू टोलवायच्या एका जुन्या खेळावरून आलाय, सतराव्या शतकात लंडनमध्ये तो खेळायच्या झाडांच्या रांगांमधल्या पट्ट्याला हे नाव पडलं, पुढे फेरफटका मारायची जागा असा अर्थ झाला. म्हणून १९५९ मध्ये मिशिगनमधल्या कॅलमझूनं भर पेठेतला रस्ता गाड्यांना बंद करून त्याला 'मॉल' म्हटलं तेव्हा ते अगदी बरोबर होतं. छप्पर नाही, दारं नाहीत, फक्त चालायचं. गंमत म्हणजे १९५६ मध्ये मिनेसोटातल्या एडिनाला पहिला बंदिस्त वातानुकूलित मॉल ज्या वास्तुविशारदानं उभा केला त्यानंच दोन वर्षांनी कॅलमझूचा आराखडा दिला. म्हणजे रोगही त्याचा आणि औषधही त्याचंच, आणि दोन्हीला नाव एकच.

औषध मात्र लागू पडलं नाही. अमेरिकेत दोनशेच्या आसपास रस्ते असे बंद झाले आणि त्यातले बहुतेक गाड्यांना पुन्हा उघडले. कॅलमझूनंच १९९८ मध्ये काही भागात गाड्या परत सोडल्या. शिकागोत १९७९ मध्ये भर पेठेतल्या एका रस्त्यावर मोटारी बंद केल्या पण बस चालू ठेवल्या, फुटपाथ ऐसपैस केले आणि मधून धूर सोडत बस जायची, चालणाऱ्याला ना धड रस्ता ना धड अंगण, शेवटी १९९६ मध्ये तो उघडला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा १९६४ चा असाच मॉल २०१७ मध्ये गाड्यांना उघडला. यावरून 'गाड्या बंद केल्या की धंदा बसतो' हे दुकानदारांचं पाठ वाक्य झालं, आजही कुठे वाहनबंदीचा विषय निघाला की पहिल्यांदा तेच कानावर येतं.

मला हे पटत नाही. रस्ते बंद झाले तोवर वरची बिऱ्हाडं उपनगरात निघून गेली होती, मग रिकाम्या रस्त्यावर बाकडी आणि कुंड्या ठेवून काय होणार? जे टिकले ते बघा, बोल्डर, बर्लिंग्टन, शार्लट्सव्हिल, तिन्ही अमेरिकेतलीच विद्यापीठाची गावं, म्हणजे पायी फिरणारी पोरं आयती. कोपनहेगनमध्ये १९६२ च्या नोव्हेंबरात एक किलोमीटरहून थोडा लांब रस्ता बंद केला तेव्हाही दुकानदारांनी ओरड केली होती, इतक्या थंडीत बाहेर कोण रेंगाळणार म्हणून. पण तो आधी फक्त प्रयोग म्हणून केला, १९६४ मध्ये कायम झाला, पुढच्या गल्ल्या हळूहळू जोडत गेले आणि आसपास माणसं राहात होतीच.

आता हे सगळे रस्ते भर शहरातले, वस्तीतल्या बाजाराची गोष्ट थोडी वेगळी. तिथे टोरांटोचं उदाहरण जास्त बोलकं आहे. १९६८ मध्ये भुयारी रेल्वे शहराच्या पश्चिमेकडच्या वस्तीपर्यंत वाढली आणि वरची ट्राम गेली, म्हणजे इतकी वर्षं खिडकीतून शोकेस बघत जाणारं गिऱ्हाईक एकदम जमिनीखालून जायला लागलं. शिवाय मॉल होतेच. वर्गणी काढून दिवे, कुंड्या लावायच्या म्हटलं तर दहा जण देणार आणि फायदा पन्नासांना, म्हणून १९७० मध्ये तिथल्या दुकानदारांनी वर्गणी सक्तीची करून घेतली, ती नगरपालिकाच करासोबत वसूल करते आणि खर्च कुठे करायचा ते त्यांचं मंडळ ठरवतं. ही पद्धत नंतर जगभर गेली. आकारणी मालमत्तेवर होते, पण भाड्याच्या करारातून ती बहुतेक वेळा उतरते दुकानदाराच्याच अंगावर.