फ्रीडम पार्टी (ऑस्ट्रिया)

ऑस्ट्रियातील उजव्या लोकानुनयी राजकारणाचा प्रमुख पक्ष. जर्मन आद्याक्षरांवरून ‘एफपीओ’ म्हणून ओळखला जातो. युरोपात असे पक्ष आता बरेच आहेत. सत्तेत जाऊन दोनदा कोसळणे आणि दोन्ही वेळा पुन्हा उभे राहणे, ही या पक्षाची खासियत.

स्थापना १९५६. पहिले अध्यक्ष आंटोन रायन्थालर नाझी राजवटीत अधिकारपदावर होते. पुढची तीस वर्षे पक्ष लहानच राहिला. देश पुराणमतवादी पीपल्स पार्टी आणि मध्यम-डावे सोशल डेमोक्रॅट या दोन मोठ्या पक्षांनी वाटून घेतला होता. सरकारी उद्योगांतली पदेच काय, शाळांची मुख्याध्यापकपदेही पक्षनिहाय वाटली जात. या वाटपाबाहेर राहिलेल्यांचा राग १९८६ मध्ये अध्यक्ष झालेल्या योर्ग हायडर यांनी हेरला आणि पुढे त्याला स्थलांतरितविरोधाची जोड दिली. त्या वर्षी ९.७ टक्के असलेली मते १९९९ मध्ये २६.९ टक्क्यांवर गेली.

२००० मध्ये पक्ष सत्तेत आला, तेव्हा युरोपीय संघाच्या इतर १४ सदस्यदेशांनी ऑस्ट्रियाशी राजकीय संबंध गोठवले. पक्षाचे खरे नुकसान मात्र घरातूनच झाले. सप्टेंबर २००२ मध्ये क्निटेलफेल्ड येथे कार्यकर्त्यांनी स्वतःच्याच मंत्र्यांविरुद्ध बंड केले आणि नंतरच्या निवडणुकीत मते १० टक्क्यांवर आली. २००५ मध्ये हायडर यांनी वेगळी चूल मांडली. पण २००८ मध्ये दोन्ही पक्षांची मते एकत्र धरली तर ती २८ टक्के भरतात. म्हणजे नेते भांडले, मतदार फारसा हलला नाही.

दुसरी पडझड २०१९ ची; तेव्हा पक्ष पुन्हा सत्तेत होता. पक्षाचे नेते आणि उपचॅन्सेलर (उपपंतप्रधानासारखे पद) हाइन्झ-क्रिस्टियान श्ट्राखं इबिझा बेटावर चोरून चित्रित केलेल्या चित्रफितीत एका कथित रशियन धनाढ्य स्त्रीला सरकारी कंत्राटांचे आमिष दाखवताना दिसले. सरकार गेले, मते १६.२ टक्के झाली. त्यानंतर कोविडकाळातील लससक्ती आणि महागाई यांवरचा असंतोष पक्षाचे पुढचे नेते हर्बर्ट किक्ल यांनी पक्षाकडे वळवला. सप्टेंबर २०२४ मध्ये २८.८ टक्के मतांसह पक्ष राष्ट्रीय निवडणुकीत प्रथमच पहिला आला.

सरकार मात्र बनले नाही. गृहखात्यासह अनेक मुद्द्यांवर पीपल्स पार्टीशी बोलणी फिसकटली आणि मार्च २०२५ मध्ये इतर तीन पक्षांनी सत्ता घेतली. राज्यांत चित्र वेगळे आहे: ष्टायरमार्क राज्याचे प्रमुखपद डिसेंबर २०२४ पासून याच पक्षाकडे असून अप्पर ऑस्ट्रियात तो २०१५ पासून पीपल्स पार्टीबरोबर सत्तेत आहे.