रत्नागिरीचा सूर्य ३७ मिनिटं मागे

‘पहाटे चारला उठा, त्या वेळी हवेत ऑक्सिजन सर्वाधिक असतो’ हा मजकूर आमच्या कोकणातल्या कौटुंबिक ग्रुपांवर सतत फिरत असतो. हवेतला ऑक्सिजन दिवसरात्र सुमारे २१ टक्केच असतो. अंधारात झाडं प्रकाशसंश्लेषण करत नाहीत, नुसतं श्वसन करतात. त्यामुळे पहाटे चारला आमराईत जाऊन जास्तीचा ऑक्सिजन कुठून मिळणार? दाखला दिला जातो ब्राह्ममुहूर्ताचा. तो सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि जानेवारीत रत्नागिरीला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. हिशेब केला तर तिथला ब्राह्ममुहूर्त साडेपाचच्या सुमारास लागतो. चारचा आकडा घड्याळाच्या जमान्यात कुणीतरी चिकटवलाय.

असल्या मजकुरामुळे ज्यांना सकाळी जाग येत नाही ते बिचारे आळशी ठरतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. कोकणात तर त्यांच्यावर दुहेरी अन्याय होतो.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. रत्नागिरी आहे ७३.३ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे रत्नागिरीचा सूर्य घड्याळापेक्षा सरासरी ३७ मिनिटं मागे चालतो. कोलकात्याशी तुलना केली तर फरक तासाभराचा. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि ती १९५५पर्यंत तिथे वापरात होती. शिवाय आपल्या पूर्वेला सह्याद्री उभा. संगमेश्वर-देवरुखकडच्या डोंगरकुशीतल्या वाड्यांवर ऊन अंगणात उतरायला आणखी वेळ लागतो. घड्याळात सहा वाजले म्हणून शरीराला सहा वाजल्यासारखं वाटत नाही, कारण शरीराचं घड्याळ लागतं ते उजेडावर.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, तिथेच वर सुमारे २०,००० चेतापेशींचा छोटासा पुंजका असतो. त्याचं नाव सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. यातली प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे वेळ मोजते, आणि कशी मोजते ते मला जीवशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं. क्लॉक आणि बीमाल-१ ही दोन प्रथिनं मिळून ‘पीरियड’ नावाचं जनुक चालू करतात. त्या जनुकापासून ‘पर’ हे प्रथिन बनतं आणि दिवसभर साचत जातं. पुरेसं साचलं की ते पेशीकेंद्रकात शिरतं आणि क्लॉक-बीमालच्या जोडीलाच अडवतं. स्वतःला जन्म देणारं जनुक ते असं स्वतःच बंद पाडतं. रात्रभर हे प्रथिन विघटित होत राहतं, पहाटेच्या सुमारास अडथळा सुटतो आणि जनुक पुन्हा कामाला लागतं. फळमाशीत या जनुकाचा माग पहिल्यांदा १९७१ मध्ये लागला. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं.

माणसात ही फेरी सरासरी २४.२ तासांची असते. म्हणजे घड्याळ रोज दहा-बारा मिनिटं मागे पडतं आणि उजेड ते रोज जुळवून घेतो. डोळ्याच्या पडद्यात मेलॅनोप्सिन असलेल्या काही पेशी आहेत. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर प्रकाश त्यांना विशेष जाणवतो, आणि त्यांचा निरोप मेंदूतल्या या पुंजक्याला गेला की पीरियड जनुक चालू होतं. आता नीट लक्ष द्या. रात्री, ‘पर’ ओसरण्याच्या बेतात असताना उजेड पडला तर ते पुन्हा वाढतं आणि सगळी फेरी लांबते. पहाटे, ते नव्याने बनायला लागण्याच्या वेळी उजेड पडला तर फेरी लवकर सुरू होते. झोपाळ्याला दिलेला तोच धक्का, एका क्षणी वेग वाढवतो आणि दुसऱ्या क्षणी अडवतो, तसंच हे.

या दोन परिणामांमधली सीमा साधारण शरीराच्या किमान तापमानाच्या वेळेला असते आणि ती वेळ नेहमीच्या जागेपणाच्या दोन-तीन तास आधी येते. रात्री एकला झोपून साडेआठला उठणाऱ्याची ही सीमा सहाच्या आसपास. असा माणूस निर्धार करून चारला उठला आणि ट्यूबलाइटखाली मोबाइल घेऊन बसला, तर त्याचं घड्याळ आणखी उशिराकडे सरकतं. दुसऱ्या दिवशी उठणं अधिकच जड जातं, आणि मग पुन्हा त्याच्या इच्छाशक्तीला दोष!

त्यामुळे गजर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनीच अलीकडे घ्यावा आणि उठल्यावर लगेच बाहेर पडावं. कौलारू घराच्या माजघरात सकाळी जेमतेम उजेड असतो, ट्यूब लावली तरी दोन-तीनशे लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर सहसा जात नाही. ढगाळ आकाशाखाली मात्र हजारो लक्स मिळतात. भर पावसाळ्यातही पडवीच्या कडेला, आकाश दिसेल असं बसलं तर घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड डोळ्यांत जातो. चहाचा कप घेऊन अर्धा तास तिथे काढा. रात्री नऊनंतर दिवे मंद आणि पिवळसर ठेवा. रविवारी दहापर्यंत झोपलात तर आठवड्याची कमाई बरीचशी पुसली जाते. संध्याकाळी सहाच्या चहातलं जवळजवळ निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असतं, तेव्हा तो चहा चारलाच उरकावा.

वयाचाही मोठा भाग आहे. लहान मुलं सहसा सकाळचीच असतात. वयात येताना घड्याळ उशिराकडे सरकतं आणि विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरा चालतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. ते चांगलंच झालं, पण शास्त्र बघता जास्त गरज पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना आहे. जानेवारीत सातचा तास असेल तर रत्नागिरीत तो सूर्य उगवण्याआधीच सुरू होतो. लांबच्या वाडीतलं पोर त्यासाठी काळोखात पहिली एसटी पकडतं. किनारपट्टीवरच्या अकरावी-बारावीच्या वर्गांची वेळ हिवाळ्यात तरी आठनंतर हवी, आणि एसटीचं वेळापत्रक त्याबरोबरच बदलायला हवं.