साधा अविश्वास ठराव आणि रचनात्मक अविश्वास ठराव

तुलनात्मक राजकारणाच्या उत्तरपत्रिकांत हमखास दिसणारं वाक्य म्हणजे 'भारताप्रमाणेच जर्मनीतही अविश्वास ठरावाने सरकार पाडता येते'. चूक म्हणावं असं त्यात काही नाही, पण मुद्दा तिथेच निसटतो.

लोकसभेत नियम १९८ प्रमाणे सकाळी दहाच्या आत नोटीस द्यायची, सभागृहात ५० सदस्यांनी उभं राहून पाठिंबा द्यायचा, मग दहा दिवसांच्या आत चर्चा. हजर राहून मत देणाऱ्यांचं साधं बहुमत पुरतं. पुढचा पंतप्रधान कोण, हे विरोधकांना कोणी विचारत नाही. जर्मन राज्यघटनेचं कलम ६७ नेमकं तेच आधी विचारतं. बुंडेस्टागला (जर्मन संसदेचं लोकनिर्वाचित सभागृह) चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, हटवायचा तर त्याच मतदानात नवा निवडावा लागतो; म्हणून हा 'रचनात्मक' ठराव. ठराव आणि मतदान यांत ४८ तास हवेत आणि बहुमत मोजायचं ते एकूण सदस्यसंख्येवर.

या शेवटच्या अटीत काय दडलंय ते २७ एप्रिल १९७२ ला दिसलं. चॅन्सेलर विली ब्रांट यांच्याजागी विरोधी पक्षनेते राइनर बार्त्सेल यांना आणण्याच्या ठरावाला २४७ मतं मिळाली, विरोधात फक्त १०. आपल्या नियमानं हा दणदणीत विजय ठरला असता. तिथे ४९६ पैकी २४९ लागत होती, त्यामुळे ठराव पडला. सत्ताधारी बाकांवरच्या बहुतेकांनी मतच दिलं नव्हतं. त्यांना जागेवर बसून राहणं पुरलं. १ ऑक्टोबर १९८२ ला हेल्मुट कोल २५६ मतांनी चॅन्सेलर झाले. हे कलम यशस्वी झालं ते तेवढं एकदाच.

आता उलट बाजू. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० मतांनी पडलं. (तो विश्वासदर्शक ठराव होता, उत्तरात 'अविश्वास' लिहू नये.) पाडणारे एकत्र आले, पण पर्यायी सरकार काही जमलं नाही. २६ एप्रिलला लोकसभा बरखास्त झाली.

विश्वास आणि अविश्वास ठरावांची हीच गल्लत जर्मनीबाबतही होते. १६ डिसेंबर २०२४ ला तेव्हाचे चॅन्सेलर शोल्झ हरले ते कलम ६८ खाली, स्वतःच मागितलेल्या विश्वासमतात. तिथे पर्यायी नाव लागत नाही. चॅन्सेलरनी सुचवल्यास राष्ट्राध्यक्ष २१ दिवसांत सभागृह बरखास्त करू शकतात.

आणि 'कलम ६७ मुळे जर्मनी स्थिर' असं लिहिण्याआधी स्पेनकडे पाहावं. तिथेही रचनात्मक ठरावच आहे, राज्यघटनेच्या कलम ११३ मध्ये. २०१८ मध्ये सांचेझ त्याच मार्गानं पंतप्रधान राहोय यांना हटवून सत्तेवर आले. तरीही डिसेंबर २०१५ ते नोव्हेंबर २०१९ या काळात स्पेनमध्ये चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या, कारण ही तरतूद बसलेलं सरकार पाडणं अवघड करते; त्रिशंकू सभागृहात सरकार बनवून देत नाही.