पासिंगला जाण्याआधी आरसीतले एक्सल वाचा

कोल्हापुरात गाडी कुठली विचारलं की उत्तर चाकांत येतं: सहाचाकी, दहाचाकी, बाराचाकी. पासिंगला, म्हणजे गाडीच्या फिटनेस तपासणीला, एवढ्यानं भागत नाही. तिथं गाडी आरसीतल्या (नोंदणी प्रमाणपत्रातल्या) एक्सलशी, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं बसवलेल्या आडव्या दांड्यांच्या नोंदीशी, ताडून बघतात आणि रोलर टेस्टरवर, म्हणजे चाकं फिरवून ब्रेक मोजणाऱ्या यंत्रावर, ब्रेकही एकेका एक्सलचा मोजतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. नवी गाडी दोन वर्षांसाठी पास असते. आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी नूतनीकरण, पुढं दरवर्षी.

मागचा एकेरी एक्सल चार टायरांचा असेल, तर २०१८ च्या अधिसूचनेनं त्याची कमाल वजनमर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. दोन एक्सलचा जोडा, म्हणजे टँडम, १९ वरून २१ टनांवर गेला. पण हे आकडे ऐकून माल चढवू नका. आपल्या गाडीला लागू तोच, जो आरसीवर आहे.

रोलरवर डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक वेगवेगळा मोजला जातो. पुढचा एक्सल चांगला पकडतो म्हणून मागच्याचं झाकलं जात नाही. एका बाजूच्या लायनरला ग्रीस लागलं असेल, तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते, आणि ते इथं लगेच दिसतं. सगळ्यात जास्त विसरला जातो तो लिफ्ट एक्सल, म्हणजे गरजेप्रमाणे वर-खाली करता येणारा एक्सल. रिकाम्या गाडीत तो वर उचललेला असतो, महिनोन्महिने त्याच्या ब्रेककडं कुणी बघत नाही. आदल्या दिवशी तो खाली टेकवून तपासा. हवा कुठं गळते का तेही ऐका. ऊस हंगामानंतर तर हे कराच. आंबा घाट उतरताना काय होईल, ते ड्रायव्हरला विचारा.

अर्ज 'परिवहन' पोर्टलवर होतो. गाडी क्रमांक (आपला एमएच ०९), चासी क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे आणि नोंदवलेल्या मोबाईलवरचा ओटीपी लागतो. फी भरून तारीख घ्या. मोबाईल नंबर एजंटाचा नोंदवला असेल, तर आधी तो बदला, नाहीतर प्रत्येक ओटीपीला त्याच्या मागं फिराल.

सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, परमिट, मागचं फिटनेस प्रमाणपत्र, कर भरल्याची पावती आणि वेगनियंत्रकाचं प्रमाणपत्र ठेवा. गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असेल, तर पर्यावरण कराची पावतीही. टायरांची संख्या किंवा एक्सल आरसीशी जुळत नसेल, तर आधी बदलाची रीतसर नोंद करून घ्या, मगच तारीख घ्या.